हात वर

"चुकलो, एवढंच म्हण. लोकांसमोर," वर्ना म्हणाली.

सेनेटर ग्रेडी लँडरमने आरशात बघून टाय सरळ केला. "हे राजकारण आहे वर्ना, चर्चमधला कबुलीजबाब नाही. चल, लोक खोळंबलेत."

पडद्यापलीकडे पक्षाचं अधिवेशन धुमसत होतं. राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी ग्रेडीने जिंकली होती, पण जेमतेम. मिनेसोटाची गव्हर्नर वर्ना टॉलिफसन हरली होती, तीही जेमतेम. तिचे प्रतिनिधी हाताची घडी घालून बसले होते आणि आपापल्या राज्यांच्या पाट्या त्यांनी उलट्या धरल्या होत्या. आता रिवाज असा, की हरलेलीने व्यासपीठावर जायचं, जिंकलेल्याचा हात हातात घ्यायचा आणि उंच करायचा. तो फोटो निघाला की पक्ष एक झाला असं सगळ्यांनी समजायचं. नाही निघाला, तर नोव्हेंबरातल्या निवडणुकीत ग्रेडीचं काही खरं नव्हतं.

वर्नाला हरल्याचं एवढं वाटलं नव्हतं. तिला डाचत होती ती जाहिरात. तिचा खुबा ऑपरेशन करून बदललेला, आणि ग्रेडीने ऐन प्रचारात टीव्हीवर तिला विमानाच्या पायऱ्या चढताना दाखवलं. कठडा घट्ट धरून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकत. मागे पियानो रडत होता. शेवटी एक आवाज विचारायचा, "हिला चालवत नाही, ही देश काय चालवणार?" लोक पोट धरधरून हसले. पुढे पुढे ती दुकानात शिरली तरी कुणीतरी ते सूर गुणगुणायचं.

व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी ती थबकली. सकाळी तिथे कठडा होता. आता नव्हता.

"फोटोत आडवा येत होता, मॅडम," ग्रेडीचा प्रचारप्रमुख टोबिन म्हणाला. "सावकाश चढा. घाई नाही."

ती चढली. एक पाय, मग दुसरा. सभागृह चिडीचूप झालं, आणि त्या शांततेत ग्रेडीच्या राज्याच्या रांगांमधून कुणीतरी गुणगुणायला लागलं. तेच सूर. मग आणखी दोघातिघांनी साथ धरली. ग्रेडी वर उभा होता. त्याने एक हात केला असता तर ते गप्प झाले असते. त्याने हात केला, पण टाटा करायला.

ती वर पोचली तेव्हा त्याने उजवा हात पुढे केला. वर्ना त्याच्यासमोरून तशीच पलीकडे गेली आणि त्याच्या डावीकडे उभी राहिली.

साऱ्या प्रचारात प्रत्येक टीव्ही-चर्चेत ती याच माणसाशेजारी उभी होती. चर्चा चालवणारा म्हणायचा, हे ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा. ग्रेडी आधी उजव्या हातातलं पेन खाली ठेवायचा, मग तोच हात वर करायचा. कोट चढवताना त्याची बायको डावी बाही धरायची. आखडलेला खांदा त्याने अख्ख्या अमेरिकेपासून लपवला होता, पण शेजारणीपासून कधी काही लपतं का?

"वर्ना, इकडून ये," तो हसऱ्या ओठांतून पुटपुटला.

"इकडून फोटो बरा येतो," ती म्हणाली. तिने त्याचा डावा हात धरला आणि वर नेला.

ग्रेडी पांढराफटक पडला. बँड सुरू झाला, छतावरून फुगे सुटले.

"सोड."

"हस. कॅमेरे आहेत."

हिसका मारावा तर देशासमोर भांडण. कळवळावं तर देशासमोर खांदा. तो हसत राहिला.

"वर्ना, देवाशपथ..."

"म्हण."

नाक दाबलं की तोंड उघडतं. "चुकलो," ग्रेडी म्हणाला.

"ऐकू नाही आलं. बँड वाजतोय." आणि तिने हात आणखी वर नेला.

खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं. फार बरं वाटलं. किती महिन्यांनी तिला स्वतःच्या खुब्याचा विसर पडला.

ग्रेडीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. मागच्या मोठ्या पडद्यावर ते सगळ्यांना दिसलं. मिनेसोटाच्या रांगेतली एक म्हातारी तोंडावर हात धरून उभी राहिली. "अगं बाई, रडतोय तो! एवढा दगड, पण रडला!" तिने पाटी सरळ केली. मग शेजारच्यांनी केली. बघता बघता सगळ्या पाट्या सरळ झाल्या, आणि घडी घातलेले हात टाळ्या पिटायला लागले.

बँड थांबेपर्यंत वर्नाने हात सोडला नाही.

टोबिन डोळे पुसतच पायऱ्यांपाशी आला. "मॅडम, काय बोलू! पक्ष जोडलात तुम्ही. शनिवारी पिट्सबर्गला सभा आहे, तिथेही हेच करायचं. मग ओहायो, मग मिशिगन. निवडणुकीपर्यंत रोज हात वर! याल ना?"

त्याच्यामागे ग्रेडी उजव्या हाताने आपला डावा हात उचलून कोटाच्या खिशात ठेवत होता. तो थांबला आणि वर्नाकडे बघत राहिला.

"न येऊन कसं चालेल?" वर्ना म्हणाली. "पक्षाचं काम आहे. फक्त माझी जागा बदलू नका हं."

ती पायऱ्या उतरायला लागली. एक पाय, मग दुसरा. उतरताना ती पियानोचे ते सूर गुणगुणत होती.