टोपलीभर गाळ

भोसरीकडं आलेल्या कंपनीनं केसरबाईचं रान घेतलं, बांधासकट खरवडलं. पावसात ती मोकळी माती गावतळ्यात येऊन बसली, वर शेवाळ माजलं. साहेबांना नळ होता. गाव ते पाणी फडक्यानं गाळून पीत होतं. बोंब झाली तेव्हा कंपनीनं गाळ उपसायला गावच्याच बाया रोजावर लावल्या. केसरबाईही त्यात होती.

सांजच्याला तिनं दारच्या वांग्यासाठी एक टोपली गाळ उचलला. मुकादम आडवा आला.

“म्हातारे, ठेव खाली. गाळ सायबाच्या बागेला जायचाय.”

“आरं मुडद्या, माज्याच रानाची माती हाय ही!”

“व्हती. आता नेलीस तर चोरी लागंल.”

तिनं टोपली तिथंच पालथी केली.



घरी येऊन पोटऱ्यांवरचा चिखल तिनं न्हाणीत नाही, वांग्याच्या आळ्यात धुतला.