वटवाघळांवाली सून

सुनेला वागायची रीत म्हणून नव्हती. कामावरून आली की सरळ घरात यायचं सोडून मागच्या मोरीकडे वळायची. बूट बाहेर काढायची, कपडे तिथेच भिजत घालायची आणि डोक्यावरून अंघोळ होईपर्यंत पोटच्या पोरीलाही जवळ येऊ द्यायची नाही. शेजारणी खिडकीतून बघायच्या. सासूबाईंना मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

"लोकांच्या सुना बँकेत जातात, शाळेत जातात," त्या म्हणायच्या. "आमची गुहेत जाते. वटवाघळांच्या उवा वेचायला!"

"उवा नाहीत, आई. गोचिडी," सून म्हणायची. "आम्ही तपासतो ते जंतू त्यांच्या पोटात असतात. चावल्या की आपल्या रक्तात उतरतात."

"ऐका! आणि हे ज्ञान घेऊन ही घरात येते."

"म्हणूनच कपडे बाहेर काढते."

उत्तर कायम तयार. सासूबाई शाळेची पायरी फारशी चढल्या नव्हत्या, पण नवऱ्यामागे हे घर त्यांनी एकटीने उभं केलं होतं. त्यात काय चालेल न चालेल हे त्यांना कुणी शिकवायचं कारण नव्हतं. माळ्यावर संध्याकाळी फडफड व्हायची, तर कबुतरांचा उच्छाद नको म्हणून त्यांनीच गवंडी बोलावून छपराखालची फट बाहेरून लिंपून घेतली होती. मुलाला पत्तासुद्धा नव्हता. फडफड थांबली ती थांबलीच.

सुनेचाही असाच बंदोबस्त करायचा त्यांनी ठरवलं.

"आजपासून ठकू माझ्या खोलीत झोपेल," त्या म्हणाल्या. ठकू म्हणजे त्यांची एकुलती एक नात. "तुझ्या अंगाचा वारासुद्धा नको तिला."

मुलगा दोघींकडे बघून नेहमीसारखा वर्तमानपत्रात शिरला.

घरात कुणी नसताना सासूबाई शिडी चढल्या आणि माळ्याच्या अंधारात हाताला लागली ती जुनी गादी ओढून खाली पाडली. गुडघे कुरकुरले, पण सुनेपेक्षा कमीच. गादी बडवून, नवी खोळ घालून त्यांनी ती आपल्या पलंगाला लागून अंथरली. पोर आजीचा हात धरून झोपू लागली.

मग ठकूला ताप भरला.

अंग भट्टीसारखं तापलं. मग ताप उतरला. पोर हसली, बाहुलीचे केस विंचरू लागली. सासूबाईंच्या जिवात जीव आला, तोच ताप पुन्हा चढला. या खेपेला ती आईला ओळखेना. गादीच्या कडेकडे बोट दाखवून "ते चालतायत, ते चालतायत" एवढंच पुटपुटत राहिली.

सून परवानगी न विचारता आत घुसली. तिने पोरीची पावलं उचलून पाहिली. घोट्यापाशी लाल डाग होते. मग तिची नजर खाली गेली.

"आई, ही गादी कुठली?"

"घरचीच. पोर फणफणतेय आणि तू गादीचं काय घेऊन बसलीस?"

सुनेने ठकूला उचलून नवऱ्याच्या हातात दिलं, "गाडी काढ" म्हणाली आणि स्वतः मागे राहिली. गाडीत येऊन बसली तेव्हा तिच्या मुठीत एक छोटी बाटली होती. केस धुळीने माखले होते.

"अशा वेळी हिला बाटल्या सुचतात," सासूबाई पुटपुटल्या.

दवाखान्याच्या बाकावर त्यांनी तोंड सोडलं. "हे तुझं आहे. तुझ्या गुहेतलं. माझ्या हातून पोरीला असं काही झालं असतं ना, तर मी तोंड दाखवायला उरले नसते. त्याच दिवशी जीव दिला असता!"

सून त्यांच्याकडे बघत राहिली.

"घरात कुणाचा वटवाघळांशी संबंध येतो का?" डॉक्टरांनी बाहेर येऊन विचारलं.

सुनेने बाटली त्यांच्या हातात ठेवली. "माझा. ही गोचीड माझ्याच कपड्यांतून आली असणार. ताप चढलेला आहे तोवर रक्त घ्या, जंतू दिसतील."

मुलाने मान फिरवली, ती पुन्हा बायकोकडे वळवलीच नाही.

औषधाने जंतू मरू लागले तशी ठकू इतकी कापू लागली की लोखंडी पलंग वाजायला लागला. सासूबाई भिंतीला टेकून नुसत्या ऐकत होत्या. आवाज थांबला तेव्हा आत जायचं धाडस त्यांना होईना. मग आतून बारीक हाक आली. "आजी, पाणी."

पोर घरी आली. मुलगा बायकोशी बोलेना. सासूबाई मात्र बोलल्या. "कबूल केलंसच आहे, तर आता निघायचं बघ."

"बरं," सून म्हणाली. वाद नाही, काही नाही. दारात तिने ती गादी प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळून, चिकटपट्टी लावून ठेवली होती.

"माझी गादी कुठे नेतेस?"

"घामाने खराब झालीय, आई. वाटेत टाकते."

"टाक. तुझी बॅग माळ्यावर असेल. मीच देते काढून."

सून पहिल्यांदाच ओरडली. "नको! तुम्ही वर जाऊ नका, आई!"

"का? काय लपवलंयस वर?" सासूबाईंनी टॉर्च उचलला आणि शिडी चढल्या.

लिंपलेल्या फटीला बिलगून ती एकावर एक सुकून गेली होती, कातडी पंख मिटून. कबुतरं नव्हती. खाली लेंड्यांचा सडा, त्यातून गादी ओढून नेल्याचा रुंद पट्टा. त्या पट्ट्यावरून मसुरीच्या दाण्यासारखं चपटं काहीतरी टॉर्चच्या उजेडाकडे चालत येत होतं.

सासूबाई खाली उतरल्या. सून शिडी धरून उभी होती, मुलगा दारात. त्यालाही ऐकू जाईल अशा आवाजात त्या म्हणाल्या, "फट मी बुजवली, गादी मी आणली, आणि खोटं बोललीस तू! आजवर माझा एक शब्द ऐकला नाहीस, आणि ऐकलास तो नेमका दवाखान्यातला, जीव देण्याचा? अक्कल नाही तुला. बॅग राहू दे वर."