राहून गेलेली हाक

गोदामातल्या मांजरीला सगळे मावशी म्हणायचे. कंटेनरमध्ये माल भरताना ती हटकून आत शिरायची, म्हणून दार लावण्याआधी मुकादम ‘मावशे, चल बाहेर’ अशी हाक मारायचा. तीही शेपटी उभारून यायची. काल ड्रायव्हरने घाई करून डोकं खाल्लं आणि मुकादमाने हाक न मारताच दाराला सील ठोकलं. आज रिकाम्या खोक्यातली तिची पिल्लं भुकेने ओरडायला लागली, तेव्हा त्याला ती राहून गेलेली हाक आठवली. त्याने बंदरावरच्या कारकुनाला फोन लावला. “साहेब, सील तोडा हो, आत आमची मांजर अडकलीय.” “मुकादम, जहाज पहाटेच सुटलं. दार आता महिन्याने, तिकडेच उघडायचं.” फोन बंद झाला. पिल्लं त्याचं बोट चोखू लागली. मावशीच्या चहूबाजूंना माशांचे चाळीस हजार डबे होते, दोन वर्षं टिकणारे, आणि तिला त्यातला एकही उघडता येणार नव्हता.