अंगठीचं बोट

स्टॉकहोमच्या आमच्या प्रयोगशाळेत भुलीचं नवं औषध आधी स्वतःवर टोचून बघायची रीत होती. आज पाळी माझी.

माझा सहकारी तॉर्स्टेननं माझ्या अंगठीच्या बोटात सुई दिली. "दुखणं मरत नाही रे, फक्त त्याची मेंदूकडे जायची वाट बंद होते. डोळे मीट, लबाडी नको."

मग टाचणी घेऊन तो विचारू लागला.

"लागलं?"

"नाही."

"आता?"

"छे! टोचतोयस तरी का?"

मी डोळे उघडले.

बोटातली लग्नाची अंगठी नव्हती. अकरा वर्षांत तिच्याखाली पडलेला पांढरा पट्टाही नव्हता.

ती तॉर्स्टेनच्या बोटात होती, मांसात रुतलेली.

इतक्यात माझी बायको सिग्ने रोजच्यासारखी कॉफी घेऊन आली. पहिला कप तिनं त्याला दिला. मग परक्यासारखं हसून मला विचारलं, "तुम्हाला साखर चालते ना?"

तॉर्स्टेननं घड्याळ पाहिलं.

"आता लागलं?"