गुडघ्याची चौकशी

सून एक मिनिट दहा सेकंद बोलली. मधे दोनदा हसली, एकदा छातीवर हात ठेवला. मग मुलाने त्याचं मराठी केलं.

"गुडघा कसा आहे, विचारतेय."

"एवढं बोलली ती," आई म्हणाली, "आणि त्यात नुसता गुडघाच?"

"त्यांची भाषा लांबट आहे, आई."

आईला ओळखणारे सगळे प्रूफबाई म्हणत. छापखान्यात एकतीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. मूळ प्रत डावीकडे, छापलेला कागद उजवीकडे, आणि मधे गळालेला मजकूर शोधायचा. मुलगा परदेशात नोकरीला गेला, तिथल्याच मुलीशी लग्न करून राहिला. दर रविवारी सकाळी तिघं फोनच्या पडद्यावर भेटत. सून स्पॅनिश बोले, प्रूफबाई मराठी बोलत, आणि दोघींच्या मधे मुलगा. तीन वर्षांत सुनेने गुडघा सोडून काही विचारलं नव्हतं. गुडघा बरा होऊन दोन वर्षं झाली होती.

मजकूर गळतोय, हे उघड होतं. जे सांगण्यासारखं नसतं तेच गाळतात, हेही उघड होतं. सून आपल्या तोंडावर आपल्याला नावं ठेवते आणि मुलगा पांघरूण घालतो, असा निष्कर्ष प्रूफबाईंनी काढला. सोमवारी त्यांनी नवशिक्यांच्या ऑनलाइन स्पॅनिश वर्गात नाव घातलं. मुलाला सांगितलं नाही.

पहिल्या तासाला शिक्षिकेने प्रत्येकाला भाषा शिकण्याचं कारण विचारलं. एकाची बदली होणार होती. एकीला गाणी कळायला हवी होती. प्रूफबाई म्हणाल्या, "सून."

"किती छान," शिक्षिका म्हणाली. "इतकं प्रेम."

प्रूफबाईंनी चूक दुरुस्त केली नाही. एकतीस वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

अभ्यास त्या मन लावून करत. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. झाडणारी बाई एकदा दारातून 'ओला' असा स्पॅनिश नमस्कार करून गेली. रविवारी मात्र त्या नेहमीसारख्याच बसत आणि नेहमीसारखेच टोमणे मारत. लेकी बोले सुने लागे ही म्हण इथे सरळ चालत नव्हती, लेकाला मधे घालूनच बोलावं लागे. आजवर एकही टोमणा सुनेला लागला नव्हता. उलट ती खूश व्हायची. निगरगट्ट आहे, असं प्रूफबाई समजत.

सहाव्या धड्यात घर आलं. त्या रविवारी प्रूफबाई म्हणाल्या, "तिला म्हणावं, पडदे अधूनमधून धुवायचे असतात."

मुलगा सुनेकडे वळला. "मि माद्रे दिसे के ला कासा एस मुइ बोनिता."

प्रूफबाईंना सगळे शब्द येत होते. माझी आई म्हणते, घर फार सुंदर आहे.

सून लाजली. प्रूफबाईंनी दाराची बेल वाजली असं सांगून फोन ठेवला. बेल वाजली नव्हती. त्या पलंगावर बसून राहिल्या. तीन वर्षांचे टोमणे आठवता आठवता त्यांचे कान तापले. तिकडे त्यातला एकही पोचला नव्हता. त्या बाईच्या लेखी प्रूफबाई ही जगातली सर्वांत गोड सासू होती. याचं बरं वाटून घ्यावं की वाईट, ते त्यांना ठरवता येईना. पोरगा तीन वर्षं आपली जीभ धूत बसलाय, एवढं मात्र कळलं.

त्यानंतर त्यांनी टोमणे बंद केले. बोलायला मग फारसं काही उरलं नाही. त्या ऐकत राहिल्या.

नवव्या धड्यानंतरच्या रविवारी सून हसली नाही. टेबलावर कोपरं टेकून बसली होती. ती मुलाशी बोलत होती, पण बघत होती पडद्याकडे. बोलली फार थोडं.

"पोर के सिएम्प्रे दिसे के नो?"

का. नेहमी. म्हणतात. नाही.

प्रूफबाईंनी शब्द जुळवले. त्या नेहमी नाही का म्हणतात?

मग सून आणखी एक वाक्य बोलली. खोली तयार आहे.

मुलाने घसा साफ केला. "गुडघा कसा आहे, विचारतेय."

प्रूफबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. हा चेहरा त्यांना पाठ होता. शाळेतून प्रगतिपुस्तक आणताना तो असाच असायचा. आपल्या नावाने कशाला नाही म्हटलं गेलं, किती वेळा म्हटलं गेलं, हे त्यांना आत्ताच समजत होतं.

मी कधीच नाही म्हटलं नव्हतं, असं त्यांना सांगायचं होतं. पण भूतकाळ अकराव्या धड्यात होता. हाताशी असलेल्या वर्तमानकाळात त्या म्हणाल्या, "यो नो दिगो नो."

मी नाही म्हणत नाही.

तिकडे कोणी हललं नाही. चित्र अडकलं असं प्रूफबाईंना वाटलं. मग मुलाची पापणी लवली.

"आई," तो मराठीत म्हणाला, "तू इथे आली असतीस, तर तुमचं आठ दिवससुद्धा पटलं नसतं. इतकं जुळवून आणलेलं सगळं..."

"ते मला विचारायचं होतंस."

सुनेने त्याच्याकडे पाहिलं, मग खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर आता नुसता तिचाच चेहरा होता. लहान मुलाला विचारावं तसं एकेक अक्षर सुटं करून तिने विचारलं, "कुआंदो विएने?"

कधी येताय?

प्रूफबाईंना महिन्यांची नावं येत नव्हती. आकडेही विसापर्यंतच. वार मात्र पाठ होते.

"मार्तेस," त्या म्हणाल्या. मंगळवारी.

कुठल्या मंगळवारी, ते सुनेने विचारलं नाही.