भडक रंग

“अजून गडद दाखव,” बाई म्हणाली.

दुकानातल्या मुलीने कापसाच्या काडीवर लिपस्टिक घेतली आणि सवयीने बाईचा हात पुढे ओढला. रंग आधी हातावर लावून बघायचा, ही दुकानाची रीत. बाईने हात मागे घेतला.

“हातावर नको गं. ओठांवरच लाव. हातावर लावून ह्यांना काय कळणार?”

‘हे’ शेजारी स्टुलावर बसले होते. घड्याळजी. जन्मभर घड्याळांच्या पोटात डोकावलेले डोळे आता विझत आले होते. सावल्या दिसायच्या, आणि अधूनमधून एखादा भडक रंग. आहे तेही फार दिवसांचं नाही, असं डॉक्टरांनी परवा सांगितलं. तेव्हापासून बाईने एकच ध्यास घेतला होता, आपला चेहरा ह्यांना एकदा दिसला पाहिजे. सगळा नाही तर नाही. निदान ओठ दिसू देत. माणूस समोर आहे आणि हसतंय, एवढं कळलं तरी पुष्कळ.

पावडरीपलीकडे तिने आजवर तोंडाला काही लावलं नव्हतं.

“काकू, ही घ्या. दिवसभर हलत नाही.” मुलीने कपाटातून सोनेरी टोपणाची एक काढली.

“ती राहू दे आत. त्या टोपलीतल्या दाखव, स्वस्तातल्या. पण रंगाला कंजूस नकोत.”

टोपली पुढे आली. पहिला लाल लागला. बाईने दाराच्या उजेडाकडे तोंड केलं आणि चेहरा नवऱ्यासमोर धरला, आरसा धरावा तसा.

“अहो, दिसतोय?”

घड्याळजींनी मान तिरकी केली. पाखरू दाण्याकडे बघतं तशी. मग म्हणाले, “पुढचा लाव.”

“कुणाच्या लग्नाला जायचंय का काकू?” मुलीने विचारलं.

“आमच्याच,” घड्याळजी म्हणाले. “पहिल्या वेळी घाईगर्दीत हिला नीट बघितलंच नव्हतं.”

“बघितलं असतंत तर मांडवातून पळाला असतात.”

मुलगी इतकी हसली की तिच्या हातातली काडी बाईच्या हनुवटीला लागली. तेही पुसलं.

जांभळट लागला, पुसला. केशरी लागला, पुसला. कागदी फुलांसारखा गुलाबी लागला, तोही पुसला. दर वेळी बाई थोडी जवळ सरकायची, दर वेळी तिचा आवाज थोडा जास्त हसरा व्हायचा, आणि घड्याळजींचं “पुढचा” थोडं खाली उतरायचं. ओला कापूस फिरवून फिरवून ओठ चुरचुरायला लागले. मागे दोन गिऱ्हाइकं ताटकळली होती, पण कुणी घाई केली नाही.

“काकू, आता गडद म्हणजे काळाच राहिला.”

“काळाही असतो?”

“हो. कॉलेजच्या मुली लावतात.”

“मग मीही लावते.”

पिकल्या केसांची बाई काळे ओठ घेऊन नवऱ्यासमोर उभी राहिली. आता दोघांच्या नाकांत वीतभरच अंतर होतं. त्यांचा श्वास तिच्या गालाला लागत होता. घड्याळजींनी डोळे बारीक केले, मोठे केले, पुन्हा बारीक केले.

“पुढचा,” ते म्हणाले.

पुढचा नव्हता. मुलीने रिकामे हात हलवून दाखवले. बाईने सावकाश ओठ पुसले. कोपऱ्यातला काळा राहिला होता, तोही पुसला. कोरडे, उघडे ओठ घेऊन ती नवऱ्याकडे वळली. चला, घरी जाऊ, एवढंच म्हणायचं होतं.

“थांब!” घड्याळजी स्टुलावरून अर्धवट उठले. “हा! हाच तो! अगं, काय लख्ख दिसतोय!”

त्यांचं बोट तिच्या कानाशेजारी, नुसत्या हवेत रोखलेलं होतं.

“पण काका, आत्ता तर...”

बाईने मुलीचं मनगट घट्ट धरलं.

“हाच दे गं,” बाई म्हणाली. “ह्यांना पसंत पडलाय.”

मुलीने कोणता म्हणून विचारलं नाही. खाली मान घालून टोपलीतली हाताला लागली ती एक उचलली आणि कागदात बांधली.

“हसतेयस ना?” घड्याळजींनी विचारलं.

“हसतेय तर.” गालावरून ओघळलेलं तिने हातातल्या कापसाने टिपलं. काळ्या रंगाचा एक फराटा गालावर उठला.

“दिसतंय मला. उगाच डॉक्टरचं ऐकून तोंड पाडून बसली होतीस. आता हात धरू नकोस माझा, चारचौघांत लाज वाटते.”

“नाही धरत.”

घड्याळजी उठले, सदरा नीट केला आणि दाराच्या उजेडाकडे निघाले. दाराबाहेर रस्त्यावर उतरायला पायऱ्या होत्या, उंच आणि कडा झिजलेल्या. ‘जपून, पायरी आहे’ हे बाईच्या ओठांपर्यंत आलं. तिने ते गिळलं. लगबगीने ती त्यांच्या पुढे झाली, आणि पहिल्या पायरीवर तिने आपली चप्पल जोरात आपटली.

चटाक.

मागून त्यांचं पाऊल अलगद त्या आवाजावर उतरलं.

तिने पुढच्या पायरीवर चप्पल आपटली.