पाण्याची वेळ

"पोरीला वाटेत कुणीतरी अडवतंय," पाणीवाला दातओठ खात म्हणाला. "सापडू दे, तंगडंच मोडतो त्याचं!"

शाळेतून बाईंचा निरोप आला होता. मुलगी पहिल्या दोन तासांना कधीच नसते. असंच चाललं तर यंदा परीक्षेला बसवणार नाही. लेक काही सांगायला गेली, तर 'उलट बोलू नकोस!' म्हणून त्यानंच तिला गप्प केलं. एकुलती एक पोर. ती शिकली पाहिजे म्हणजे पाहिजे, मग आभाळ कोसळो!

आठच्या घंटेच्या आधी शाळेत पोचायचं, तर टाकीवरचं काम आधी उरकायला हवं. रोज नऊला तो वस्तीचं पाणी सोडायचा. आज सहालाच त्यानं लांब लोखंडी चावी वॉल्व्हला लावली, गरागरा फिरवली, तासाभरानं पाणी बंद केलं आणि चावी खांद्यावर टाकून तडक निघाला. वाटेत पाणीखात्याच्या साहेबांचा फोन आला.

"कुणाला विचारून वेळ बदललीस?"

"आजच्या दिवस, साहेब. पोरीच्या शाळेचं काम आहे. उद्यापासून नेहमीसारखं."

बाई वर्गाच्या दारातच उभ्या होत्या. "अहो, आज आक्रीतच झालं! एरवी घंटेला नुसते मुलगे असतात. आज मुलींचा एकही बाक रिकामा नाही."

पाणीवाल्याला त्याचं काय! त्याची लेक समोरच बसली होती.

"कोण अडवतं गं तुला रोज? नाव सांग. घाबरायचं नाही."

तिनं त्याच्या खांद्यावरच्या चावीकडे पाहिलं.

"कुणी नाही, बाबा. आई उजाडायच्या आत कारखान्यात जाते. मग पाणी मी भरते. आज लवकर आलं, म्हणून लवकर आले."

"मी पण," मागची म्हणाली. तिच्या मागची नुसतीच हसली.

घरातले हंडे रोज भरलेले दिसायचे. ते कोण भरतं, हे त्यानं जन्मात विचारलं नव्हतं. काखेत कळसा नि गावाला वळसा! ज्याचं तंगडं मोडायचं होतं, तो सापडला होता. शरमेनं त्याचे कान तापले. पण पोरगी अजून त्याच्याकडेच बघत होती. त्यानं तिथंच फोन काढला.

"साहेब, मघाशी चुकीचं बोललो. उद्यापासून पाणी सहालाच सुटेल."

"कुणाच्या हुकमानं?" साहेब कडाडले.

त्यानं मुलींचे भरलेले बाक एकदा डोळे भरून पाहिले.

"ज्या पाणी भरतात, त्यांच्या."